बाबांच्या तबकड्या आणि ओट्याचा कडप्पा



एरवी या कार्यक्रमात माझा आवाज आला की तुम्हाला वाटतं, आता ताई हप्त्यांचं नाहीतर बँकेच्या कर्जाच्या फाइलचं काहीतरी सांगणार. आज तसं काही नाही. आज मी तुम्हाला माझा छंद सांगणार आहे. मी घरी रेकॉर्ड प्लेअर बनवला. त्याला जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची खोकीही घरीच केली. हसू नका! कसं केलं ते सगळं सांगते, म्हणजे तुमच्यातल्या एखादीला करावंसं वाटलं तर तिला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

आमच्या बाबांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, जत्रा, भजनी सप्ताह, कुठेही जायचं तर सायकलला दोन कर्णे बांधलेले आणि मागे लोखंडी ट्रंकेत तबकड्या. घरी सामान दुरुस्त करायला बसले की भाऊ शेजारी बसायचा. मी जवळ गेले की म्हणायचे, "वायरीला हात लावू नकोस, शॉक बसेल." शॉक फक्त मुलींनाच बसतो की काय, हे मी कधी विचारलं नाही. पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या, यंत्र माळ्यावर गेलं. बाबाही गेले.

दोन वर्षांपूर्वी आईने माळा रिकामा करायला काढला. भंगारवाला दारात उभा. ट्रंकेत ४२ तबकड्या होत्या. तो म्हणाला, किलोवर घेतो. आई म्हणाली, देऊन टाक, वाजवणार कोण? मी ट्रंक उचलून आत नेली. वाजवणार कोण, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडेही नव्हतं. बाबांच्या यंत्राची मोटर जळलेली, रबराचं चाक दगडासारखं झालेलं. बाजारात नवीन यंत्रं मिळतात, पण बरीचशी ३३ आणि ४५ याच गतींची. आमच्या ट्रंकेतल्या निम्म्या तबकड्या जुन्या, ७८ च्या. म्हणून ठरवलं, आपणच करून बघायचं.

तबकडीत आवाज असतो कुठे?

तबकडीच्या एका बाजूवर एकच सलग खाच असते, बाहेरून आत गोल गोल जाणारी. मोठ्या एलपीची ती खाच सरळ केली तर सुमारे अर्धा किलोमीटर भरेल. ही खाच सरळ कापलेली नसते, बारीक नागमोडी असते. सुई त्यातून जाताना थरथरते. ती थरथर म्हणजेच आवाज. बाकी सगळं यंत्र ती थरथर पकडून मोठी करण्यासाठी.

एडिसनने १८७७ मध्ये आवाज साठवणारं यंत्र केलं, पण ते नळकांड्यावर. सपाट तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये आणला. आपल्या देशात १९०२ मध्ये कोलकात्याला ध्वनिमुद्रण झालं, तेव्हाच्या पहिल्या आवाजांमध्ये बायकांचेच आवाज होते. त्यातल्या गौहर जान गाणं संपल्यावर स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या. त्या काळात घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांनी चारचौघांत गाणं कमीपणाचं समजलं जायचं, पण तबकडीवरून बाईचा आवाज घराघरांत पोचला.

त्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. आपल्या बांगड्यांची असते ना, तीच लाख, त्यात दगडाची भुकटी वगैरे मिसळलेली. त्या मिनिटाला ७८ फेरे घेतात. हातातून पडली की काचेसारखी फुटते. १९४८ मध्ये प्लास्टिकच्या, म्हणजे व्हिनाइलच्या एलपी आल्या. त्या मिनिटाला ३३ पूर्ण एक तृतीयांश फेरे घेतात. छोट्या तबकड्या ४५ च्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याच फरकाने मला रडवलं.

फिरणारी थाळी

पहिलं काम, थाळी एकसारखी फिरवायची. गती कमीजास्त झाली तर सूर हलतो, गाणारी बाई सर्दी झाल्यासारखी वाटते.

आपलं जातं आठवा. खालची तळी जागेवर, मधे खीळ, तिच्याभोवती वरची तळी फिरते. इथेही तेच, पण घरघर नको. लेथवाल्याकडून मी पोलादी दांडा आणि त्याला बसणारी पितळी नळी करून घेतली. नळीच्या तळाशी सायकलच्या चाकातला एक छर्रा टाकला आणि दोन थेंब शिलाई मशीनचं तेल. सगळी थाळी त्या एका छर्‍यावर तोलते. हाताने जरा ढकलली तर बराच वेळ आवाज न करता फिरत राहते. दांड्याचं वरचं टोक तबकडीच्या भोकात बसेल असं हवं, म्हणजे सात मिलिमीटरच्या थोडं वर. लेथवाल्याकडे जाताना एक निकामी तबकडी सोबत न्या, माप सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

थाळी म्हणजे जाड प्लायचे दोन गोल एकमेकांवर चिकटवलेले, ३० सेंटिमीटर व्यासाचे. वर जुन्या घोंगडीचा गोल तुकडा. खालचा पाट कडप्प्याचा. आमच्या ओट्याचा उरलेला तुकडा मागच्या दारी पडून होता, फरशीवाल्याने त्याला भोक पाडून दिलं. पाट जितका जड, तितका तो कमी थरथरतो. घरात कुणी धपधप चालत गेलं तरी सुई उडत नाही.

मोटर जुन्या कॅसेट प्लेअरमधली, १२ व्होल्टची. ती मिनिटाला साधारण २४०० फेरे मारते. तिचे ३३ कसे करायचे? शिलाई मशीनच्या उलटं. मशीनमध्ये खालचं मोठं चाक एकदा फिरलं की वरचं छोटं चाक अनेकदा फिरतं. इथे मोटरवर छोटी पुली आणि समोर मोठी थाळी. हिशेब सोपा आहे. थाळीचा व्यास ३०० मिलिमीटर, त्याला हव्या त्या फेऱ्यांनी गुणायचं आणि २४०० ने भागायचं. ३३ साठी पुली साधारण ४.२ मिलिमीटरची आली, ४५ साठी ५.६ ची, ७८ साठी पावणेदहा मिलिमीटरची. लेथवाल्याने एकाच पुलीवर दीपमाळेसारख्या तीन पायऱ्या काढून दिल्या. बारीक फरक राहतोच, तो मोटरच्या आत असलेला स्क्रू हलकेच फिरवून काढायचा.

पट्टा कशाचा? शिलाईच्या मजबूत पॉलिएस्टर दोऱ्याचा! गाठ अगदी बारीक मारायची आणि टोकं जवळून कापायची. दोरा सुरुवातीला घसरतो, म्हणून थाळीला हाताने हलका धक्का द्यायचा, मग मोटर ती चालू ठेवते. मोटर पाटावर बसवू नका. मी ती वाळू भरलेल्या डब्यावर, पाटापासून वेगळी ठेवली. नाहीतर तिची गुणगुण सुईतून थेट स्पीकरमध्ये येते.

गती बरोबर आहे हे कसं कळणार? थाळीच्या कडेला खडूची खूण करा आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावा. तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे झाले तर ती ३३ पूर्ण एक तृतीयांश. ७८ साठी एका मिनिटात ७८ फेरे. माझी थाळी पहिल्या दिवशी १०६ फेरे घेत होती. स्क्रू फिरवत फिरवत संध्याकाळ गेली, पोळ्या त्या दिवशी मिस्टरांनी केल्या.

सुई आणि तिचं वजन

सुई धरणारा हात, त्याला आर्म म्हणतात, तो मी बाबांच्याच यंत्राचा घेतला. पहिल्यांदा करत असाल तर आर्म स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. तो दोन्ही दिशांनी अगदी मोकळा हलायला हवा, हे काम नाजूक आहे. जुन्या बाजारात मोडकी यंत्रं मिळतात, त्यातला घ्या. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोर बाजार आहे. आणि खोलायच्या आधी मापं घ्या. मधल्या दांड्यापासून आर्मच्या बुंध्यापर्यंतचं अंतर नव्या पाटावर तेच राहिलं पाहिजे, नाहीतर सुई खाचेत तिरकी बसते. मी कागद ठेवून भोकांची खूण काढून घेतली, ब्लाउजचा नमुना उतरवतो तशी.

आर्मच्या टोकाला कार्ट्रिज असतं. सुईची थरथर विजेत बदलायचं काम त्याचं. बाबांचं कार्ट्रिज सिरॅमिकचं होतं, तसलं अजून मिळतं. त्याला एक छोटी कळ असते. एका बाजूला एलपीची सुई, कळ फिरवली की ७८ ची. ही कळ विसरू नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते, साधारण चौपट जाड. बारीक सुई त्यात तळाला जाऊन घासते, खरखर ऐकू येते आणि सुईही खराब होते. उलट जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपीचं नुकसान.

सुईचा भार किती असावा? जुन्या चावीच्या ग्रामोफोनमध्ये तो शंभर ग्रॅमच्याही वर जायचा, आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलावी लागायची. सिरॅमिकला साधारण पाच ग्रॅम पुरतात. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅमच लागतात, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत दोन मासे. मी आमच्या ओळखीच्या सोनारकाकांच्या काट्यावर सुई टेकवून भार मोजला. काका म्हणाले, "आजवर या काट्यावर सोनंच बसलं, गाणं पहिल्यांदा बसतंय!"

शेवटी पाट समपातळीत आहे का ते पाहा. गवंड्याची लेव्हल मिळाली तर उत्तम. नाहीतर ताटात पाणी घेऊन पाटावर ठेवा, चारी बाजूंनी सारखं दिसलं पाहिजे.

आवाज मोठा करताना

कार्ट्रिजमधून येणारी वीज अगदी थोडी असते. ती मोठी करायला अ‍ॅम्प्लिफायर. आपल्याकडे ४४४० नंबरच्या आयसीचा तयार बोर्ड गल्लोगल्ली मिळतो. १२ व्होल्टवर चालतो, दोन स्पीकरना पुरेसा आवाज देतो. आयसी तापतं, म्हणून त्याला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कसून लावायची. माझ्यासारख्या शिकाऊ बाईला हाच बरा.

तालुक्याच्या दुकानात मी बोर्ड मागितला तर दुकानदार म्हणाला, "मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." मी म्हटलं, "मिस्टरांना पोळ्या करता येतात, सोल्डरिंग मला येतं." खरं तर तेव्हा मला धड येत नव्हतं. पण आता असं बोलल्यावर शिकावंच लागलं!

सोल्डरिंग म्हणजे कल्हईवाल्याचं किंवा सोनाराचं डाग देणं, तसंच. आधी जोडायची जागा तापवायची, मग तार टेकवायची, तार आपणहून वितळून पसरली पाहिजे. नुसती गरम तार वरून थापली तर डाग वरवर बसतो आणि दोन दिवसांत सुटतो. टाकून दिलेल्या रेडिओच्या बोर्डावर आठवडाभर सराव करा. तारेत बहुधा शिसं असतं, म्हणून स्वयंपाकघरात हे काम करू नका, खिडकी उघडी ठेवा आणि झाल्यावर साबणाने हात धुवा.

सगळं जोडून पहिल्यांदा तबकडी लावली, तर आवाज आला, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तबला नाहीच, नुसती किणकिण. मला वाटलं, तबकड्याच गेल्या. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी कारण सांगितलं. सिरॅमिक कार्ट्रिजचा जीव लहान असतो. त्याला साध्या बोर्डाशी थेट जोडलं तर बोर्ड त्याच्यातून जास्त वीज ओढतो आणि खालचे सूर पडतात. मधे एक छोटा भाग हवा, जो फार थोडी वीज ओढेल. टीएल ०७२ नावाचं आयसी आणि त्याच्या तोंडाशी दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगओहमचा रेझिस्टर. वीस-तीस रुपयांचं सामान. ते लावलं आणि तबला परत आला!

चुंबकीय कार्ट्रिज वापरलं तर मात्र त्याला फोनो प्रीअ‍ॅम्प नावाचा बोर्ड लागतोच. खालच्या सुरांची खाच फार रुंद हलते, म्हणून तबकडी कापताना ते सूर मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम जास्त करून कापतात. वाजवताना उलटं करून मूळ गाणं परत मिळवायचं. हे काम तो बोर्ड करतो.

आणि गुणगुण! पंख्यासारखा घूंऽऽ आवाज येत असेल तर आर्मची धातूची नळी एका वायरने अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या खोक्याला जोडा, आणि वीज देणारा अडॅप्टर कार्ट्रिजपासून लांब ठेवा. बहुतेक वेळा एवढ्याने थांबते.

स्पीकरला खोकं कशाला?

नुसता स्पीकर हातात धरून वाजवा, आवाज किरटा येतो. का? त्याचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबतो आणि मागची ओढतो. या दोन्ही लाटा कडेने फिरून भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात, खालचे सूर जास्तच. आता तोच स्पीकर रिकाम्या माठाच्या तोंडावर ठेवा. आवाज भरदार होतो, कारण मागची लाट आत अडकली. आमच्या गटाच्या बैठकीत मी हा प्रयोग दाखवला तेव्हा तीन जणींनी लगेच स्पीकर हातात मागितला.

मी १८ मिलिमीटर प्लायची दोन खोकी केली, सांधे फेव्हिकॉलने बंद, आत जुन्या गोधडीतला कापूस सैलसर भरला. स्पीकरची धन बाजू कळत नसेल तर घड्याळाचा सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलची धन बाजू लागलेलं टोक धन. दोन्ही स्पीकर सारखे जोडा, एक उलटा जोडला तर ते परत एकमेकांचा आवाज खातात.

माझ्या हातून झालेली चूक

हे सांगायला नको वाटतं, पण सांगते. यंत्र होत आलं होतं. तबकड्यांवर वर्षानुवर्षांची धूळ होती. मी एलपी साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ कापडाने पुसल्या, छान निघाल्या. मग एका ७८ च्या तबकडीवर काळा डाग होता तो निघेना. घरात पॉलिशवाल्या सुताराने ठेवलेलं स्पिरिट होतं. मी बोळा भिजवला आणि पुसला. बोळा काळा झाला. मला वाटलं, मळ निघतोय. मळ नव्हता तो, तबकडीच निघत होती. सुतार लाकडाला चमक आणायला लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे मला माहीत होतं. तबकडी लाखेची आहे, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी माहीत असूनही मी त्या एकमेकींना जोडल्या नाहीत.

ती आईच्या आवडीच्या भजनाची तबकडी होती. एक बाजू गेली. म्हणून हात जोडून सांगते, लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर काहीही लावू नका. कोरडा मऊ ब्रश, फार तर ओलसर कापड आणि लगेच कोरडं. आणि तबकड्या एकावर एक न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब.

वीज आणि पैसा

घरातल्या बोर्डातली वीज २३० व्होल्टची असते, ती जीव घेते. म्हणून माझं सगळं यंत्र १२ व्होल्टच्या तयार, चांगल्या प्रतीच्या अडॅप्टरवर चालतं. अडॅप्टर मी कधी उघडत नाही, तुम्हीही उघडू नका. काम करताना पिन काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओले हात नकोत, लहान मूल जवळ नको. जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडत असाल तर त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही वीज राहते, ते जाणकाराकडून आधी उतरवून घ्या.

खर्च मी वहीत लिहिला, सवयच आहे. लेथचं काम ९००, प्लाय आणि सुतार ४५०, सुई-कार्ट्रिज ६००, बोर्ड आणि अडॅप्टर ६५०, दोन स्पीकर ७००, वायरी आणि किरकोळ ३००. एकूण ३,६००. मोटर आणि आर्म घरचे, कडप्पा फुकट. हे सगळं सात-आठ महिन्यांत थोडं थोडं करून. हा छंद आहे, धंदा नाही. यासाठी गटाचं कर्ज मागायला येऊ नका, मी सही करणार नाही!

आई काय म्हणाली

यंत्र पूर्ण झालं त्या संध्याकाळी आईला बोलावलं. स्पिरिटचं मी तिला आधीच सांगितलं होतं, ती दोन दिवस बोलली नव्हती. मी त्याच तबकडीची दुसरी, चांगली बाजू लावली. कळ ७८ वर केली, थाळीला धक्का दिला, सुई टेकवली. थोडी खरखर, मग पेटी, मग आवाज. आई भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "तुझे बाबा सुई ठेवताना नेहमी श्वास रोखायचे. तूपण रोखलास."

मग म्हणाली, "आता मला दाखव कुठून धरायचं." तिची बोटं थरथरतात, म्हणून आर्मला मी एक लांब दांडी बसवून दिली आहे. मी गटाच्या बैठकीला बाहेर पडले की ती आपली आपण लावते.

त्या ४२ तबकड्यांपैकी एकतीस वाजल्या, चार फुटक्या आहेत, बाकीच्या अजून साफ व्हायच्या आहेत. आमच्या गटातल्या तिघी जणी आता डाग द्यायला शिकल्या. त्यातल्या एकीने परवा पिठाच्या गिरणीतला बंद पडलेला रेडिओ चालू केला, नुसती एक वायर सुटली होती. आणि माझी मुलगी नववर्षांची आहे. ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेजारी बसते. तिला मी म्हणते, "आधी पिन काढ, मग हात लाव."

तुमच्या माळ्यावर असं काही पडलं असेल तर भंगारात घालण्याआधी एकदा उघडून बघा. अडलं तर आमच्या केंद्रावर पत्र टाका, पुढच्या भागात बोलू. पुढच्या भागात मात्र हप्ते आहेत हं, वह्या पूर्ण करून ठेवा.

नमस्कार!